मात्रा खेळाची

सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा अपघातात डोक्याला मार बसलेल्या मुलाचा हात पुन्हा कामाला लागायचा, तर तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. शाबूत राहिलेल्या भागांतून मेंदू नवे मार्ग जुळवतो, पण ते जुळतात सरावानेच. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असा बदल दिसला तो रोज चारशे ते सहाशे आवर्तनं करून घेतल्यावर. उपचारकेंद्रांत प्रत्यक्षात किती होतात? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रुग्णांची सत्रं पाहून २००९ मध्ये आकडा मांडला: हाताच्या उपयोगी हालचाली, सत्रामागे सरासरी ३२. थेरपिस्टचा वेळ मोजका असतो, त्यामुळे उरलेली आवर्तनं घरीच व्हायला हवीत, आणि मूल नेमकं तिथेच कंटाळतं. शंकू उचलून शंकूवर ठेवायचं काम महिनोन्‌महिने आनंदाने करावं, ही आठ वर्षांच्या मुलाकडून अवाजवी अपेक्षा आहे. व्हिडिओ गेमची पारख याच कसोटीवर व्हावी, असं मला वाटतं: योग्य हालचालीची मात्रा त्याने वाढवली का?

पुनर्वसनात वापरली गेलेली नावाजलेली यंत्रं मुळात दिवाणखान्यासाठी बनली होती. निन्टेंडोचा वी हा गेम कन्सोल २००६ च्या अखेरीस बाजारात आला आणि २००८ मध्येच न्यू जर्सीतल्या ज्युडिथ डॉइच व सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या १३ वर्षांच्या एका मुलाचा अनुभव प्रसिद्ध केला. अकरा सत्रांनंतर त्याचा तोल सुधारला, कुबड्यांच्या आधाराने चालण्याचं अंतर वाढलं. एका मुलावरून नियम बांधता येत नाही, पण शक्यता दिसली. वीची अडचण त्याच्या रिमोटमध्ये होती. रिमोटला झटका कळतो. तो खांद्यातून आला की नुसत्या मनगटातून, हे कळत नाही. मुलं हुशार असतात, सोफ्यावर रेलून मनगट हलवत टेनिस जिंकतात. नोव्हेंबर २०१० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टने ही उणीव बरीचशी भरून काढली. त्याचा कॅमेरा अवरक्त ठिपके टाकून अंतर मोजतो आणि शरीरातले वीस बिंदू सेकंदाला तीस वेळा टिपतो. हातात काही धरावं लागत नाही. मूठ नीट न मिटणाऱ्या मुलासाठी ही मोठीच सोय. कोपर किती उघडलं, धड पुढे झुकवून फसवणूक झाली का, हे त्यातून तपासता येतं. टोरांटोच्या हॉलंड ब्लूरव्ह्यू बालपुनर्वसन रुग्णालयातल्या संशोधकांनी ‘बूटल ब्लास्ट’ हा खेळ अशाच कॅमेऱ्यावर उभा केला. त्यात मुलाच्या कुवतीनुसार हालचालीची अपेक्षा ठरवता येते आणि पडद्यावरच्या खेळात खऱ्या वस्तूही हाताळाव्या लागतात. बाजारू खेळात हे होत नाही. तिथे खेळाची गती निरोगी मुलाच्या हिशेबाने बांधलेली असते, म्हणून आपलं मूल सारखं हरतं.

मात्रा म्हणजे फक्त संख्या नव्हे, हे २००६ च्या एका कॅनेडियन अभ्यासाने चांगलं दाखवलं. ब्रायंटन आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचा घोट्याचा व्यायाम दोन प्रकारे करवून घेतला. साध्या व्यायामात आवर्तनं जास्त झाली, खेळात कमी. पण खेळताना घोटा अधिक वळला आणि ताणलेल्या स्थितीत अधिक वेळ टिकला. हा निष्कर्ष खेळाच्या समर्थकांनाही थोडा गैरसोयीचा आहे आणि म्हणूनच मला तो विश्वासार्ह वाटतो.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा की, खेळात सुधारलेला हात जेवताना, शर्टाची बटणं लावताना सुधारतोच असं नाही. हे खरं आहे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात, पक्षाघातानंतरच्या ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण धरून, आभासी वास्तव आणि खेळ हे नेहमीच्या उपचारापेक्षा हातासाठी सरस ठरले नाहीत. मात्र नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून दिले, म्हणजे एकूण सराव वाढला, तेव्हा फायदा दिसला. हे रुग्ण प्रौढ होते, त्यामुळे मुलांबाबत जपूनच बोलावं लागतं. तरी दिशा स्पष्ट आहे. खेळाने थेरपिस्टची जागा घेऊ नये, त्याच्या सत्राबाहेरचे तास भरावेत, आणि कमावलेली हालचाल ताटा-वाटीपर्यंत नेण्याचं काम थेरपिस्टनेच करावं. दुसरी भीती पडद्याच्या व्यसनाची. अंग हलवल्याशिवाय पुढे न सरकणारा, ठरावीक वेळाने थांबणारा खेळ आणि मोबाइलवर तासन्‌तास चालणारा खेळ यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचं आहे. फिट्सचा धोका मात्र हलक्याने घेऊ नये. सेरेब्रल पाल्सीच्या बऱ्याच मुलांना अपस्मारही असतो आणि लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काहींना फिट येऊ शकते. अशा मुलाच्या बाबतीत न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

खरी दुखरी बाब वेगळीच आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादन थांबवलं, आणि त्याच्यावर बेतलेल्या उपचारखेळांना दुसरे कॅमेरे शोधावे लागले. मुलाचा उपचार वर्षानुवर्षं चालतो. दिवाणखान्याच्या बाजाराला तेवढा धीर नसतो. म्हणून कुठलंही केंद्र झगमगीत पडदा दाखवू लागलं, तर पालकांनी यंत्राच्या नावाला भुलू नये. हा खेळ माझ्या मुलाची नेमकी कोणती हालचाल करून घेणार आणि ती रोजच्या कुठल्या कामी येणार, एवढं विचारावं. उत्तर मिळालं नाही, तर ते पैसे थेरपिस्टच्या वाढीव सत्रांवर खर्च करावेत.