तिसरी दिशा फुकटात

मोबाइल टेबलावर उताणा ठेवा. त्याला फिरवायचे मार्ग दोनच: डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या अक्षाभोवती, किंवा तुमच्यापासून सरळ पुढे जाणाऱ्या अक्षाभोवती. टेबलावर सपाट ठेवून गोल फिरवायला मात्र बंदी. आता तुमच्यापासून दूरची आखूड कड उचलून तो उभा करा, स्क्रीन तुमच्याकडे. मग पाव फेरा उजवीकडे कलता करा. तो लांब कडेवर आडवा उभा राहील. शेवटी पहिली हालचाल उलटी करून त्याला पाठीवर निजवा. फोन पुन्हा उताणा, पण काटकोनात वळलेला! ज्या फिरण्याला बंदी होती, नेमकं तेच घडलं.

पहिली आणि तिसरी हालचाल एकमेकींच्या उलट. साध्या वजाबाकीने दोन्ही कटल्या असत्या आणि मधली तेवढी उरली असती. पण फिरवण्यात आधी काय आणि नंतर काय याला किंमत असते, आणि त्या किमतीतूनच तिसरी दिशा फुकटात मिळते.

एमआरआयच्या यंत्रात 1.5 टेस्लाचं चुंबक असेल, तर शरीरातल्या पाण्यामधली हायड्रोजनची अणुकेंद्रं सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख घिरट्या घालतात. त्यांना वळवायला आपल्या हाती असते फक्त रेडिओ लहर. तिची कला, म्हणजे फेज, बदलली की फिरवण्याचा अक्ष बदलतो. त्या दोन अक्षांवरून तिसरा साधायला रसायनशास्त्रज्ञ एमआरआयच्याच तत्त्वावर चालणाऱ्या एनएमआर तंत्रात हीच मोबाइलची त्रिपदी वापरत आले आहेत.

फेलिक्स ब्लॉख यांनी 1946 साली या घिरट्यांची समीकरणं मांडली. त्यांतली मेख अशी, की चुंबकत्व किती झपाट्याने वळेल हे लहरीच्या जोरावर ठरतं, आणि ते त्या क्षणी कुठे रोखलेलं आहे यावरही. दोहोंचा गुणाकार होतो. चुंबकत्व फिरवण्याच्या अक्षावरच असेल, तर लहर कितीही जोराची सोडा, ते ढिम्म हलत नाही. शिल्लकच शून्य असेल तर व्याजाचा दर वाढवून पासबुकात काय पडणार? अशा प्रणालींना द्विरेषीय म्हणतात. केमोथेरपीची अनेक गणिती प्रारूपंही याच कुळातली: औषध ठरावीक संख्येने पेशी मारत नाही, असतील त्यांतला काही हिस्सा मारतं.

मग प्रश्न येतो, अशा प्रणालीत एका स्थितीतून हव्या त्या स्थितीत पोचता येईल का? 1972 च्या सुमारास रॉजर ब्रॉकेट, वेलिमिर युर्जेविच आणि हेक्टर सुसमान यांनी त्यासाठी सोफस ली या नॉर्वेजियन गणितज्ञाचं एकोणिसाव्या शतकातलं बीजगणित कामाला लावलं. (या ली महाशयांना 1870 च्या युद्धात फ्रान्समध्ये जर्मन हेर समजून पकडलं होतं, वहीतली गणितं पोलिसांना सांकेतिक लिपी वाटली.) परवानगी असलेल्या हालचाली क्रम उलटसुलट करून एकमेकींशी ताडून पाहायच्या, आणि त्यातून निपजणाऱ्या नव्या दिशा मोजायच्या. फिरण्याच्या बंदिस्त जगात सगळ्या दिशा भरल्या की काम फत्ते. मोकळ्या अवकाशात मात्र प्रणालीचा स्वतःचा ओघ तुम्हाला वाहून नेऊ शकतो, आणि तिथे सर्वांना लागू पडेल अशी सोपी कसोटी आजही नाही. मला तर हा विषय याचमुळे जिवंत वाटतो.

पोचता येतं एवढ्यावर भागत नाही. अणुकेंद्रांचा संदेश झपाट्याने विरतो, म्हणून कमीत कमी वेळात पोचायला हवं. इथे कामी येतं ते मॉस्कोच्या लेव पोंत्रियागिन यांचं, सर्वोत्तम मार्ग कसा असावा हे सांगणारं 1950 च्या दशकातलं तत्त्व. चौदाव्या वर्षी स्टोव्हच्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती. आई त्यांना गणिताची पुस्तकं वाचून दाखवी. 2005 साली नवीन खनेजा, स्टेफन ग्लासर आणि सहकाऱ्यांनी ‘ग्रेप’ ही पद्धत मांडली, तिचा गाभा पोंत्रियागिन यांच्या याच तत्त्वाशी जुळतो. लहरीचे बारीक तुकडे पाडायचे. आरंभापासून पुढे एक हिशेब चालवायचा, आणि ध्येयापासून मागे दुसरा. प्रत्येक तुकड्यापाशी दोन्ही हिशेब समोरासमोर ठेवून पाहायचं, की लहर किंचित कुठे वळवली तर त्यांच्यातलं अंतर कमी होईल. असं शेकडो वेळा केल्यावर बऱ्याचदा जी लहर निघते ती वेडीवाकडी, खाचाखोचांची असते. कुठल्याही माणसाने हाताने काढली नसती अशी. आणि यंत्रात ती सोडली की अणुकेंद्रं हव्या त्या दिशेला वळतात.