दुर्मिळ अणुकेंद्रांची पारख

बाजारात मडके घेताना जाणता माणूस त्यावर टिचकी मारतो आणि नादावरून ते पक्के की तडकलेले, हे ओळखतो. अणूच्या गाभ्याचे, म्हणजे अणुकेंद्राचे, अंतरंग तपासण्याची रीत काहीशी अशीच आहे. धक्का बसून जादा ऊर्जा मिळालेले अणुकेंद्र क्षुब्ध होते व ती ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर टाकून पुन्हा शांत होते. या किरणांची ऊर्जा मोजली असता केंद्राची घडण उमगते.

अणुकेंद्र हे प्रोटॉन व न्यूट्रॉन या कणांचे बनलेले असून हे कण थराथरांनी मांडलेले असतात. कणांची संख्या २, ८, २०, २८, ५० वा ८२ झाली, की थर पूर्ण भरतो व केंद्र विशेष पक्के होते. या संख्यांना ‘जादूचे आकडे’ म्हणतात. १९४९ साली अमेरिकेत मारिया गोपर्ट मायर यांनी व जर्मनीत हान्स येन्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे त्यांची उपपत्ती मांडली. १९६३ साली या दोघांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

मात्र न्यूट्रॉनांचा फार भरणा असलेल्या अल्पजीवी केंद्रांना हा नियम लागू पडेलच, असे नाही. मॅग्नेशियम-३२ मध्ये २० न्यूट्रॉन असूनही अपेक्षित पक्केपणा आढळला नाही. त्यामुळे निकेल-७८ कडे शास्त्रज्ञांचे लक्ष लागले. त्यात २८ प्रोटॉन व ५० न्यूट्रॉन, म्हणजे दोन्ही आकडे जादूचे. नेहमीच्या निकेलमधील सर्वांत जड केंद्रात न्यूट्रॉन ३६ च असतात. निकेल-७८ चा अर्धा साठा सेकंदाच्या सुमारे आठव्या हिश्शात नष्ट होतो.

जपानमधील रिकेन संस्थेत युरेनियमची वेगवान केंद्रे बेरिलियमवर आदळून फोडण्यात आली. तुकड्यांतून तांबे-७९ व जस्त-८० निवडून ती द्रवरूप हायड्रोजनमधून पाठविण्यात आली. तेथे तांब्यातून एक किंवा जस्तातून दोन प्रोटॉन उडाले, की निकेल-७८ उरते. सभोवती सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांचे दीडशेहून अधिक शोधक बसविले होते. गॅमा किरण शिरताच स्फटिकात प्रकाश चमकतो व त्याच्या प्रमाणावरून ऊर्जा कळते. धावत्या आगगाडीची शिटी जवळ येताना चढ्या सुरात ऐकू येते, तद्वत वेगवान केंद्राच्या किरणांची ऊर्जाही बदललेली भासते. म्हणून हिशेबात तशी दुरुस्ती करावी लागते.

२०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निकेल-७८ ला क्षुब्ध करण्यास निदान २६ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. निकेल-७६ ला सुमारे १० लाख पुरतात. अर्थात जादूचे आकडे येथे टिकून आहेत. तथापि जवळच, सुमारे २९ लाखांवर, आणखी एक अवस्था आढळली. ती लांबट आकाराची असावी, असे गणित सुचविते. याहून अधिक न्यूट्रॉन असलेल्या केंद्रांत हा पक्केपणा ढासळण्याचा संभव त्यातून दिसतो.

भारतातही गॅमा शोधकांचा राष्ट्रीय संच मुंबई, दिल्ली व कोलकाता येथील कणवेगवर्धकांवर आळीपाळीने वापरण्यात आला आहे. त्यातील जर्मेनियमचे स्फटिक द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवावे लागतात. पण जवळजवळच्या ऊर्जांमधील भेद ते फार बारकाईने दाखवितात.

या मोजमापांचा संबंध आपल्या घरातील सोन्याशीही पोहोचतो. सोन्यासारखी अनेक जड मूलद्रव्ये विश्वातील प्रचंड उत्पातांत, अशाच न्यूट्रॉनबहुल केंद्रांच्या मार्गाने घडतात. कोणते केंद्र किती पक्के, हे कळल्याखेरीज त्यांच्या निर्मितीचा हिशेब जुळत नाही.