हिशेबाबाहेरचं खडप

२०२३ साली महाराष्ट्रानं पापलेटला राज्यमासा केलं. निवडीबद्दल तक्रार नाही, पण पापलेट हा होडीचा मासा. खडपावर, म्हणजे काठाच्या खडकाळ भागावर, उभं राहून गरी टाकणाऱ्याला तो सहसा गावत नाही. त्याच्या वाट्याला तांबोशी येते, हेकरू येतो, शिंगाळा येतो आणि नशीब जोरावर असलं तर जिताडा, ज्याला मालवणकडे चोणक म्हणतात. यातलं बरंचसं बंदरावर जात नाही, लिलावात पुकारलं जात नाही. घरच्या कालवणात पडतं. १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभरातल्या मासे उतरवण्याच्या केंद्रांवर नमुना-पाहणी करते आणि त्यावरून वर्षाच्या उत्पादनाचा अंदाज बांधते. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. फक्त ती बंदरावर उभी राहून मोजते, आणि खडपाला बंदर नाही.

कोकणचा किनारा म्हटलं की पुळण आणि माड डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात दोन पुळणींच्या मधे समुद्रात घुसलेला डोंगराचा सोंडा असतो आणि त्याच्या पायथ्याशी खडप. रायगड-रत्नागिरीकडे हा काळा बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. दक्षिणेकडे जांभ्याचा वाटा वाढत जातो. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी तासलेला सपाट कातळ दिसतो, तसे ओटे जागोजाग आहेत. ओट्याच्या कडेला एकदम खोल पाणी. चिंबोऱ्या आणि कोळंब्या भेगांत लपतात, आणि त्यांच्या मागावर मोठा मासा पार काठाशी येतो. होडीवाला जिथं जाळं फाटेल म्हणून फिरकत नाही, ती ही जागा.

इथं घड्याळ चालतं ते चंद्राचं. जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. त्याच्या आगेमागे सव्वासहा तासांनी ओहोटी. मुंबईच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिलं तर अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, पण तोंडी हिशेबाला एवढं पुरे. या गणितातून एक गोष्ट आपोआप निघते. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे ओहोटीला पाणीही सर्वांत खाली उतरतं, आणि नेमकी तेव्हाच ओहोटी पहाटे पाच-सहाला येते. उजाडताना खडप पूर्ण उघडं, आणि सूर्याबरोबर पाणी चढायला सुरुवात. देवगड तालुक्यातल्या एका खडपावर भेटलेल्या आजोबांनी माझी सगळी पोथी एका वाक्यात उरकली होती, “पाणी चढूक लागला की मासो येता, बाबा.” अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी सर्वांत कमी चढतं-उतरतं तेव्हा, ते घरीच बसतात. पाण्याच्या चढउताराचा हा पल्ला सगळीकडे सारखा नसतो. मुंबईला मोठ्या उधाणाला चार मीटरच्या वर जातो, गोव्याकडे जाता जाता जवळपास निम्मा होतो.

आजोबांच्या हातात काठी नव्हती, रीळ नव्हतं. एका प्लास्टिकच्या बाटलीवर गुंडाळलेली तंगूस, टोकाला गळ, गळाला पेडव्याचा तुकडा. वजनाला शिसं नाही, गाडीचा जुना स्पार्क प्लग. तो मूळ दोरीला न बांधता कच्च्या सुती दोऱ्यानं वेगळा लटकवलेला. कारण खडपात अडकतं ते वजन. ओढ दिली की सुती दोरा तुटतो, प्लग दर्याला जातो, गळ आणि मासा दोन्ही हातात राहतात. बाटलीचं तोंड पाण्याकडे धरून त्यांनी गरी फेकली तेव्हा तंगूस वेढ्यांवरून सुटत गेली, एकदाही न अडखळता. मग ती तर्जनीवर टेकवून ते बसून राहिले. शिंगाळा ओढतो, हेकरू आधी तोंडात धरतो आणि थेट कपारीत शिरतो. म्हणून पहिल्या झटक्यालाच त्याला वर उचलावं लागतं. एकदा कपारीत जाऊन त्यानं कल्ले फुगवले की विषय संपला. बाजारात आता हजारोंच्या काठ्या मिळतात आणि सुट्टीला येणारी तरुण मंडळी त्या घेऊन येतात. त्यांनाही मासे मिळतात, पण गळ आणि शिसं किती गमावतात हे त्यांच्या पिशवीकडे पाहून कळतं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात. राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदा मुळात नौकांचा. खडपावरच्या बाटलीला परवाना लागत नाही. या दिवसांत खाड्यांच्या तोंडाशी गढूळ पाणी उतरतं आणि अंडी घालायला जिताडा तिकडे सरकतो. चांगला मासा याच दिवसांत मिळतो, आणि खडपावर माणसं जास्त जातात तीही याच दिवसांत. त्यातली सगळीच परत येत नाहीत. पावसाळी दर्या निदान दिसतो तरी. फसवा तो स्वच्छ दिवसाचा फुगारा. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला वादळ होतं, त्याच्या लांब लाटा कित्येक दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. इथं वारा नसतो, आभाळ निळं असतं, आणि कोरडा ओटा अचानक धुऊन निघतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था अशा लाटांचे इशारे देते. होडी बाहेर काढण्याआधी ते पाहायची सवय आता लागते आहे; खडपावर चालत जाणाऱ्याला मात्र आपण समुद्रावर जातो आहोत असंच वाटत नाही.

या सगळ्या हिशेबात बायकांचं तर नावच कुठे नाही. उधाणाच्या ओहोटीला हातात लहान कोयती घेऊन कालवं काढणाऱ्या बायका मुंबईच्या कोळीवाड्यांपासून मालवणपर्यंत आहेत. मुंबईत किनारी रस्ता झाला तेव्हा वरळीच्या मच्छीमारांनी भांडून पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घेतलं. लढा न्याय्य होता, पण होड्यांचा होता. त्याच कामात हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती मोजून, उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं प्रवाळाला संरक्षण आहे. प्रवाळ मोजले याचा आनंदच आहे. त्याच खडकांवर वाकून पोट भरणाऱ्यांची मोजणी कोणत्या कायद्यात बसवायची?

मोजणी माशांसाठीही हवी. राज्यानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पिल्लं वाचावीत हा हेतू. खडपावरचा धोका दुसऱ्या टोकाचा आहे. हेकरू आधी मादी असतो आणि वाढल्यावर नर होतो. जिताड्याचं उलट, पहिली काही वर्षं नर आणि मोठा झाला की मादी. म्हणजे एका कपारीतले थोराड हेकरू काढले की तिथले नर संपतात, खाडीच्या तोंडावरचे मोठे जिताडे काढले की अंडी घालणाऱ्या माद्या. हेकरू आपली कपार सहसा सोडत नाही, त्यामुळे ठावठिकाणा माहीत असलेला एकच गरीवाला पुरेसा ठरतो. पूर्वी असा मासा शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटला जाई. आता पर्यटक आल्यापासून मोठा नग थेट रस्त्यावरच्या हॉटेलात जातो. मोजणीला सुरुवात करायचीच तर बंदराऐवजी या हॉटेलांच्या खरेदीच्या वह्यांपासून करता येईल. माशाचं नाव, वजन, दर आणि तारीख तिथं आधीच लिहिलेली असते.