चिंचोक्यांची कमाई

बालवर्ग शिकविणाऱ्यापुढे रोज एकच प्रश्न उभा असतो. पाच-सहा वर्षांच्या पोराने घंटा होताच जागेवर बसावे, पाटी काढावी, आणि घरची दख्खनी, गल्लीतील कन्नड व वर्गातील मराठी यांतून वाट काढीत अक्षरे गिरवावीत, ही अपेक्षा त्याच्या वयाच्या मानाने थोडी नव्हे. छडीने हे साधत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर तिला बंदीच केली आहे. मग पुष्कळ पालक व शिक्षक बक्षिसाकडे वळतात. ते कसे द्यावे व कोठे थांबवावे, याविषयी आमच्या अनुभवातील चार शब्द येथे लिहीत आहोत.

या पद्धतीस 'टोकन' पद्धती म्हणतात. मुलाने ठरलेली गोष्ट केली की लगेच एक खूण द्यावयाची. त्या खुणेला स्वतःची किंमत नसते. पण ठराविक खुणा जमल्या की त्यांच्या बदल्यात आवडीची गोष्ट मिळते. १९६१ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, ॲना गावच्या मनोरुग्णालयात ऐलॉन व ॲझ्रिन या मानसशास्त्रज्ञांनी रुग्णांना स्वतःची कामे करण्याची सवय अशा टोकनांनी लावली. पुढे ही युक्ती शाळांतही रूढ झाली.

आम्ही टोकन म्हणून चिंचोके घेतले. आपल्याकडे ते मुबलक, आणि फुकट. प्रत्येक मुलास एक रिकामी डबी दिली. घंटा होताच जागेवर बसले की एक चिंचोका. पाच जमले की घंटा वाजविण्याचा, झाडांना पाणी घालण्याचा किंवा आजची गोष्ट निवडण्याचा मान. पैसा नाही, मिठाई नाही. थोड्याच दिवसांत वर्गाची घडी बसली. शिवाय मोजणी आपोआप पक्की झाली, हा वरचा लाभ.

यशाने आम्ही फुगलो आणि दोन चुका केल्या. एका मुलाने दंगा केला म्हणून त्याचे चिंचोके काढून घेतले. तो म्हणाला, "डबी रिकामीच आहे, आता नीट बसून काय करू?" त्याच्या म्हणण्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

दुसरी चूक याहून मोठी. गोष्टीची पुस्तके वाचण्यासही आम्ही चिंचोके लावले. एक मुलगी मधल्या सुटीत आपणहून पुस्तक घेऊन बसत असे. काही आठवड्यांनी चिंचोके बंद केले, तेव्हा तिने पुस्तक हाती घेतले आणि विचारले, "गुरुजी, याला चिंचोका नाही ना?" नाही म्हणताच तिने ते परत ठेवून दिले. तिचा आनंद आम्हीच मजुरीत बदलून टाकला होता.

असे का होते, याचा उलगडा १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या लेपर, ग्रीन व निस्बेट यांच्या प्रयोगात सापडतो. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या काही मुलांना आधीच प्रशस्तिपत्राचे आमिष दाखविले. काहींना ते न सांगता नंतर दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात आमिषाने काढणाऱ्यांची आवड उतरलेली दिसली. बाकीच्यांची उतरली नाही.

आपल्या मराठी मुलखात ताराबाई मोडकांनी याचे मर्म फार आधी ओळखले होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मुले शाळेकडे येईनात, तेव्हा बक्षिसाची लालूच न दाखविता त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली; बिया, पाने, खडे हेच साहित्य केले. काम गोड असले म्हणजे वर साखर लागत नाही.

तेव्हा पालकांनी एवढे ध्यानात धरावे. टोकन लागलेच तर नवी सवय लावण्यापुरते लावावे. एक लहान, स्पष्ट गोष्ट ठरवावी. ती घडताच टोकन द्यावे आणि काय चांगले केले ते तोंडाने सांगावे. एकदा दिलेले काढून घेऊ नये. सवय जडू लागली की एकाच्या जागी दोन दिवसांनी, मग आठवड्याने द्यावे, आणि शेवटी बंद करावे. जे मूल आवडीने करते त्याला मोल लावू नये. जेवण व माया तर कधीच टोकनावर ठेवू नये. २००२ सालापासून आपल्या जिल्ह्यांच्या शाळांत 'अक्षर दासोह'चे जे जेवण मिळते, ते बक्षीस नसून मुलाचा हक्क आहे.

ईदच्या दिवशी आपण लेकरांना ईदी देतो, ती गुण विचारून देत नाही. शहाण्याला आणि खोडकरालाही ती मिळते, म्हणून ती गोड लागते.

ट्रस्टच्या या महोत्सवी वर्षी एक विनंती. आपल्या समारंभात पहिल्या क्रमांकांना ढाली मिळतात, ते योग्यच आहे. पण काल अडखळत वाचणारे मूल आज एक पान सलग वाचू लागले, तर त्याच्याही पाठीवर कोणीतरी हात ठेवावा. त्याला ढाल नको. आपण पाहिले, एवढे त्याला कळले म्हणजे पुष्कळ झाले.