लाल ठिपका आणि अर्धवट शिकार

भिंतीच्या कडेला लाल ठिपका पडतो. सोफ्यावर पसरलेली मनी आधी नुसते कान टवकारते. ठिपका सरकला की खाली उतरते, पोट जमिनीला टेकवते, दबा धरते. नजर खिळलेली, शेपटीचं टोक तेवढं वळवळतंय. मागचे पाय दोन-तीनदा जागच्या जागी रोवले जातात आणि मग झडप! दोन्ही पंजे बरोबर ठिपक्यावर पडतात. पण ठिपका पंजाखाली सापडत नाही, पंजावर चढून बसतो. मनी पंजा उचलून खाली बघते. घरातले हसतात आणि ठिपका दुसऱ्या कोपऱ्यात जातो.

लेझर पॉइंटरचा हा खेळ मांजर पाळणाऱ्या अनेक घरांत चालतो. अमेरिकेत तर दोघांनी १९९५ साली त्याचं रीतसर पेटंटच मिळवलं होतं: मांजराला व्यायाम देण्याची पद्धत, क्रमांक ५४४३०३६. (मुदत केव्हाच संपली आहे, तेव्हा निर्धास्त खेळा.) खेळ मुळात वाईट नाही. तो कुठे अडतो ते मात्र कळायला हवं, आणि त्यासाठी मांजर शिकार कशी करतं ते आधी बघू.

शिकारीचे टप्पे असतात. हेरणं, दबकत जवळ जाणं, धावणं, झेप घेणं, पंजात धरणं, चावा घेणं, खाणं. पहिल्या टप्प्यांना डोळ्यांना दिसणारी हालचाल पुरते. लहानशी, थबकत-थबकत पळणारी कुठलीही गोष्ट चालते. उंदीर असो, झुरळ असो, नाहीतर घड्याळाच्या काचेचा कवडसा. कवडशामागे धावतं म्हणून मांजराला वेडं समजायचं कारण नाही. खात्री करत बसणाऱ्याला उंदीर मिळत नाही.

शेवटच्या टप्प्यांचं गणित वेगळं. मांजराला अगदी जवळचं, साधारण वीतभर अंतराच्या आतलं, स्पष्ट दिसत नाही. झेप पडली की डोळ्यांचं काम जवळजवळ संपतं आणि मिशांचं सुरू होतं. मिशा पुढे वळतात, तोंडाशी आलेलं भक्ष्य चाचपतात. पंजांच्या गाद्यांना केस, ऊब, धडपड जाणवते. चावा कुठे घ्यायचा हे या स्पर्शावर ठरतं. लेझर नेमका इथे दगा देतो. ठिपक्याला केस नाहीत, वास नाही, वजन नाही. डोळे म्हणतात सापडलं, पंजे म्हणतात काहीच नाही. आग्रह करकरून जेवायला बसवावं आणि वाढलेलं ताट समोरून उचलून न्यावं, तसा हा प्रकार.

आणखी एक घोळ आहे. खरी वस्तू कपाटामागे गेली, तर ती तिथेच असणार हे मांजराला समजतं. ते तिथे जाऊन शोधतं. आपण बटणावरचं बोट उचललं की ठिपका कुठेही जात नाही, नुसता नाहीसा होतो. मग खेळ संपल्यावरही मांजर भिंत न्याहाळत बसतं.

लोरी कोगन आणि एमा ग्रिग या अमेरिकी संशोधिकांनी २०२१ साली सहाशेहून अधिक मांजरपालकांकडून मिळालेली याबद्दलची माहिती प्रसिद्ध केली. लेझर जितका वारंवार, तितकी काही चाळ्यांची नोंद जास्त: सावल्या आणि उजेडाच्या तिरिपेमागे धावणं, चकाकीकडे एकटक बघत राहणं, एखाद्याच खेळण्याचा ध्यास घेणं. हा पालकांच्या सांगण्यावरून दिसलेला संबंध आहे. लेझरमुळेच चाळे लागले, असं त्यातून सिद्ध होत नाही. मुळात चळवळ्या मांजरांबरोबरच लोक लेझर जास्त खेळत असतील, हेही शक्य आहे. पण मोबाइलच्या काचेची तिरीप भिंतीवर पडली तरी तुमचं मांजर जेवण सोडून धावत असेल, तर पुराव्याची वाट बघू नका. पॉइंटर बंद करा.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेर हिंडून शिकार करणाऱ्या मांजरांशी रोज पाच-दहा मिनिटं खेळल्यावर ती घरी आणत असलेल्या शिकारीत २५ टक्के घट झाली. तिथे लेझर नव्हता. काठीला दोरीने बांधलेली पिसं होती, आणि पाठलाग झाल्यावर पकडायला खेळण्यातला उंदीर दिला जायचा. मला यातला तो उंदीर महत्त्वाचा वाटतो. लेझरने शिकारीचा पूर्वार्ध उत्तम जमतो, उत्तरार्ध आपण पुरवायचा.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? जेवणाच्या थोडं आधी खेळा; भुकेलं मांजर जास्त मन लावून खेळतं, हे मांजरांच्या वर्तनाचे अभ्यासक जॉन ब्रॅडशॉ यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. ठिपका मांजराच्या अंगावर आणू नका, त्याच्यापासून दूर पळवा. कुठला उंदीर आपणहून मांजराकडे येतो? भिंतीच्या कडेकडेने न्या, खुर्चीच्या पायाआड थांबवा, पुन्हा थोडा हलवा. गोल-गोल गरागरा फिरवण्यात आपली करमणूक होते, मांजराला फक्त धाप लागते. दबा धरायला वेळ द्या, कारण त्याच्यासाठी निम्मी मजा तिथे आहे. शेवटी ठिपका मंदावत, लंगडत, आधीच ठेवलेल्या कापडी उंदरावर नेऊन थांबवा. मांजराने झडप घातली की लेझर बंद. आता पंजाखाली काहीतरी आहे; त्याला ते ओरबाडू द्या, मागच्या पायांनी लाथाळू द्या. लगेच वाटीत कॅटफूड किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा. खाऊन अंग चाटत बसलं, की शिकार पुरी झाली असं समजा.

जागाही बघून घ्या. गुळगुळीत टाइल्सवर वळताना मांजर घसरतं, म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखावतात, सतरंजी अंथरा. ठिपक्यामागे धावणाऱ्या मांजराला कठड्याचं भान नसतं, त्यामुळे जाळी नसलेल्या गॅलरीच्या आसपास हा खेळ नकोच. कपाटाचा आरसा, टीव्हीची काच, स्टीलचे डबे यांवरून किरण उलटून डोळ्यात येऊ शकतो.

डोळ्यांचा विषय इथेच नीट बघू. आपल्या बाहुलीचं क्षेत्रफळ उजेडानुसार साधारण १५ पट बदलतं, मांजराचं १३५ पट. अंधारात त्या बाहुल्या पूर्ण उघडलेल्या असतात, म्हणजे चुकून शिरलेला किरण जास्त आत जाणार. दिवे घालवून खेळण्याचा मोह म्हणून टाळा. सुरक्षिततेची सगळी वर्गवारीही माणसाच्या डोळ्यावर बेतलेली आहे. वर्ग २ चा लेझर १ मिलिवॉटपर्यंतचा असतो आणि पाव सेकंदात आपण डोळे मिटतोच, या हिशेबावर तो कमी धोक्याचा मानतात. ठिपक्यासाठी टपलेलं मांजर डोळे मिटेलच, असं धरून चालू नका.

मांजरांना लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही. नेहमीच्या पॉइंटरचा साधारण ६५० नॅनोमीटरचा लाल त्यांना फिकाच वाटणार. ती धावतात ती ठिपक्याच्या हालचालीमागे. मग हिरवा आणावा, तो त्यांना ठळक दिसेल, असं कुणी सुचवतं. सुचवणारा चुकत नाही, पण स्वस्तातले अनेक हिरवे पॉइंटर आत न दिसणारे अवरक्त किरण तयार करतात आणि त्यांच्यापासून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा बनवतात. अवरक्त अडवणारी गाळणी नसेल तर तेही बाहेर पडतात, आणि ते डोळ्यांना दिसत नसल्याने डोळे मिटायचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१० मध्ये असाच एक स्वस्त पॉइंटर तपासून इशारा दिला. पुढे २०१३ मध्ये तिथे १२२ पॉइंटर मोजले, तर हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लाल रंगाचे सुमारे ४४ टक्के नियमांत बसत नव्हते. म्हणजे लेबलवरही डोळे झाकून भरवसा नको. गणपतीच्या मिरवणुकीतले लेझर कितीतरी ताकदवान असतात, त्यांची तुलना इथे नको. पण त्यांनी दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या २०२३ मधल्या बातम्या आपण वाचल्याच आहेत.

तेव्हा घ्यायचाच तर लाल घ्या, वर्ग २ आणि १ मिलिवॉटपेक्षा कमी असं स्पष्ट छापलेला, नावाजलेल्या उत्पादकाचा. खेळ झाला की लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. फुटपाथवरचा, बटणसेलवर चालणारा, काहीच न छापलेला किचेन-लेझर मांजरासाठी वापरू नका. मंद उजेडाचा साधा एलईडी टॉर्च जमिनीवर मारलात तरी मांजर धावतं. तोही डोळ्यांवर मात्र मारू नका, आणि शेवटी कापडी उंदीर द्यायला विसरू नका.