पत्रा गप्प कसा बसतो?

आपण एक प्रयोग करू. स्टीलची ताटली काठाला अलगद धरून चमच्याने वाजवू. नाद घुमत राहतो. आता तिच्या पाठीवर मध्यभागी कणकेचा गोळा दाबून बसवू आणि पुन्हा वाजवू. नुसते ‘टप्प’! कंपनांची ऊर्जा कणकेतील घर्षणामुळे उष्णतेत बदलते.

धनजहून कारंज्याला जाताना मोटारीच्या दाराचा पत्रा असाच थरथरतो. तिथे कणकेचे काम ब्यूटाइल रबराची पट्टी करते. मधला पाव ते अर्धा भाग झाकला तरी बराच फरक पडतो; खर्च वाचतो. छपराची डांबरी पट्टी स्वस्त असते, पण वैशाखातल्या उन्हात ती पाघळते, तिचा वास येतो. पत्रा स्पिरिटने पुसून पट्टी घट्ट दाबावी. दाराच्या तळाची पाणी निघण्याची भोके मात्र बुजवू नयेत, नाहीतर दार गंजेल.

गोळा लहान केला तर? मुलांनाच करून पाहू द्या.