साचा बदलला की नोंदी बदलतात का? घरच्या चित्रपटसूचीविषयी काही गैरसमज

घरातल्या चित्रपटांची संगणकावरची सूची दोन वेगळ्या गोष्टींची बनलेली असते: नोंदी आणि साचा. नोंदीत नाव, वर्ष, दिग्दर्शक, भाषा, डिस्क कोणत्या खणात आहे असे रकाने असतात. साचा, म्हणजे टेम्प्लेट, ही निराळी फाइल असते आणि यांतले काय, कुठे, कोणत्या आकारात दाखवायचे ते ती सांगते. ‘अँट मूव्ही कॅटलॉग’ या प्रोग्रॅममध्ये साचा एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या भाषेत, लिहिलेला असतो; जिथे चित्रपटाचे नाव यायचे तिथे दोन डॉलरचिन्हांनी सुरू होणारी एक खूण असते. ‘टेलिको’ हा प्रोग्रॅम नोंदी एक्सएमएलमध्ये ठेवतो आणि साचे एक्सएसएलटी या साच्यांच्या भाषेत. ‘कोडी’ या प्रोग्रॅमात हेच काम स्किन, म्हणजे पडद्याची बदलता येणारी मांडणी, करते.

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या घरात ‘नवरी मिळे नवऱ्याला’ची व्हीसीडी, हार्डडिस्कवरचा ‘सैराट’, उर्दूतही नाव छापलेला एखादा जुना हिंदी चित्रपट आणि कॅसेटवरून सीडीवर उतरवलेले अंबडचे लग्न, असे सगळे एकाच कपाटात सापडू शकते. प्रोग्रॅमसोबत येणारे साचे असल्या कपाटासाठी बनवलेले नसतात. ते बदलावे लागतात, आणि बदलायची वेळ आली की भीती पुढे येते.

सगळ्यांत मोठी भीती अशी की साच्यात चूक झाली तर वर्षभर बसून भरलेली सूची जाईल. तसे होत नाही. साचा नोंदी फक्त वाचतो, त्यांत लिहीत नाही. एखादी खूण चुकीची लिहिली तर त्या जागी रिकामे दिसेल किंवा ती खूणच जशीच्या तशी छापली जाईल. साचा दुरुस्त केला की पान पुन्हा नीट. पोस्टरचेही तेच. साच्यात रुंदी कमी केली म्हणून मूळ चित्र लहान होत नाही आणि डिस्कवरची जागाही वाचत नाही.

याची दुसरी बाजू मात्र लोक विसरतात: नोंदीत जे नाही ते साचा कुठून आणणार? ‘कोर्ट’ हा चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि भारतात २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. वर्षाचा रकाना एकच असेल तर कोणते वर्ष लिहायचे हे नोंद करणाऱ्यानेच ठरवायचे. दोन्ही हवी असतील तर रकानेही दोन हवेत. उलट ‘श्यामची आई’ १९५३ चा आणि २०२३ चा, असे दोन असतील, तर यादीत फक्त नाव दाखवणारा साचा गोंधळ घालतो. नोंदी बरोबर आहेत, साच्यात नावापुढे वर्षाची खूण घातली की काम झाले.

नोंद आणि साचा यांतला फरक ठिकाणाच्या रकान्यात सर्वांत ठळक दिसतो. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी जालना तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. औरंगाबादचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या कौटुंबिक चित्रणाच्या डब्यावर ‘जि. औरंगाबाद’ लिहिलेले असेल तर ते खोडून नवे लिहिणे ही दुरुस्ती नव्हे. तो पुरावा पुसणे आहे. डब्यावरचा मजकूर एका रकान्यात, आजचे गाव-तालुका-जिल्हा वेगळ्या रकान्यांत, आणि हे सगळे एका ओळीत जोडण्याचे काम साच्याकडे, ही मांडणी टिकते. पुढे आणखी काही बदलले तरी डब्यावरचा मजकूर जसाच्या तसा राहतो.

मराठी अंक दिसावेत म्हणून वर्षच देवनागरी अंकांत भरणे, हा असाच घोटाळा. संख्येच्या रकान्यात बरेच प्रोग्रॅम ते घेत नाहीत. मजकुराच्या रकान्यात भरले तर युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या पद्धतीच्या, क्रमात देवनागरी अंक इंग्रजी अंकांच्या नंतर येत असल्यामुळे मिश्र यादी विस्कटते. नोंदीत इंग्रजी अंक ठेवावेत. एक्सएसएलटीच्या साच्यात अक्षरामागे अक्षर बदलणारे तयार फंक्शन आहे. दहा अंकांची जोडी त्याला दिली की दिसताना मराठी अंक दिसतात.

यादी मराठी वर्णक्रमाने लागत नाही, तेव्हाही बोल साच्याला लावला जातो. साधा एचटीएमएल साचा हाती येईल त्या क्रमाने छापतो; क्रम लावणारा प्रोग्रॅम असतो. निव्वळ युनिकोडच्या संकेतांकाने क्रम लावला तर ‘क्षणभर विश्रांती’ हे नाव ‘कोर्ट’नंतर आणि ‘ख्वाडा’आधी येते, कारण संगणकाला क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. वर्णमालेत मात्र क्ष येतो शेवटी, ह आणि ळ यांच्या मागे. प्रोग्रॅमला किंवा संगणकाला मराठी भाषेची मांडणी निवडून दिली तर बरेचदा हे सुटते. ‘कोडी’त क्रमापुरते वेगळे नाव लिहायची सोय आहे.

शोधाचीही एक गंमत आहे. ‘नवऱ्याला’मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्ता असलेल्या ऱ ने, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाने लिहिलेले दुसऱ्याने शोधले तर सापडत नाही. यावर साच्यात इलाज नाही. घरात कीबोर्ड एकच ठरवावा.

अक्षरांच्या वळणावर मात्र साच्यात इलाज आहे. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हवा म्हणून नोंदी पुन्हा टाइप करण्याची गरज नाही. हिंदी आणि मराठी वळणांचा संकेतांक एकच आहे. पानाची भाषा मराठी आहे असे साच्याच्या सुरुवातीला नमूद केले, की नोटोसारख्या फॉण्टमध्ये मराठी वळण आपोआप येते. उर्दू नावाच्या रकान्याला उजवीकडून डावीकडे अशी दिशा द्यावी, नाहीतर विरामचिन्हे आणि अंक भलतीकडे जातात.

साचा बदलण्यासाठी प्रोग्रॅमिंग शिकावे लागते, हे अर्धेच खरे. तयार साच्याची प्रत घेऊन खुणा इकडच्या तिकडे करायला वाचता येणे पुरते. अट घालायची असेल तेव्हा थोडा अभ्यास लागतो. लग्नाच्या चित्रणाला दिग्दर्शक नसतो, आणि अट नसेल तर ‘दिग्दर्शक:’ हे लेबल पुढे काहीच नसताना लोंबकळत राहते. रकाना भरलेला असेल तरच लेबल दाखव, एवढे साच्याला सांगायचे असते; एक्सएसएलटीत ते दोन ओळींत होते.

मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली की लोक फॉण्ट नसल्याचे मानतात. फॉण्ट नसेल तर सहसा चौकोन दिसतात. प्रश्नचिन्हे येतात ती फाइल युनिकोडमध्ये न साठवल्यामुळे, आणि साठवताना अक्षरे एकदा प्रश्नचिन्हे झाली की त्या फाइलमधून ती परत मिळत नाहीत. विंडोजचे नोटपॅड २०१९ पर्यंत आपणहून युटीएफ-८ हा युनिकोडचा प्रकार निवडत नसे, त्यामुळे जुन्या संगणकावर साचा साठवताना ते हाताने निवडावे लागते.

तयार केलेले पान पेनड्राइव्हवर घातले आणि पोस्टर गायब झाली, तर चित्रांचा पत्ता ‘सी ड्राइव्ह’पासून लिहिलेला आहे का ते पाहावे. पत्ता पानाच्या फोल्डरपासून लिहावा आणि फोल्डर चित्रांसकट न्यावा.

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकताना सोबतचे मूळ साचे पुन्हा लिहिले जाऊ शकतात. बदललेला साचा स्वतःच्या नावाने वेगळा साठवावा आणि नोंदींचा बॅकअप घेताना तोही सोबत घ्यावा.